गोविंदाची फ्लॉपी ठेवावी की काढावी

रविवार, १ ऑक्टोबर १९८९

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. कारण गंभीर आहे.

सकाळी शेजारचे नत्थूजी पेपर घेऊन आले. बातमी चौकटीत होती. कॉम्प्युटरला व्हायरस होतो म्हणे. कॉपी केलेल्या प्रोग्राममधून शिरतो, गपचूप बसून राहतो आणि येत्या तेरा तारखेला, शुक्रवारी, जागा होऊन सगळं लिहिलेलं खाऊन टाकणार आहे. नत्थूजी म्हणाले, रुपरावजी, या लाइनीत कॉम्प्युटर फक्त तुमच्याच घरी हाये, म्हणजे येईन तर तुमच्याच इथं येईन. हे त्यांनी फार आनंदाने सांगितलं. तेही लक्षात ठेवलं आहे.

कॉम्प्युटर मी ताराच्या प्रबंधासाठी हिंगण्याच्या एका कारखान्यातून जुना आणला. तारा माझी एकुलती एक. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून तिने त्यावर पीएच.डी. मांडली आहे. दिवाळीच्या आत प्रबंध युनिव्हर्सिटीत गेला तर कॉलेजातली नोकरी पक्की, नाहीतर जागा दुसऱ्याला. सगळा प्रबंध फ्लॉप्यांवर, म्हणजे काळ्या चौकोनी चकत्यांवर आहे. आणि मशीन मूळचं इंग्रजी. मराठी अक्षरं दिसावीत म्हणून आधी एक वेगळी फ्लॉपी आत घालावी लागते. ती फ्लॉपी तिच्या कॉलेजातल्या गोविंदाने दिली. फुकट. आणि कॉपी केलेली!

दसऱ्याच्या आत निर्णय घ्यायचा: ठेवायची की काढायची. मी सरकारी ऑफिसात सुपरिंटेंडेंट होतो. संशयास्पद कागद माझ्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही. बिनसंशयाचेही फारसे गेले नाहीत.

सोमवार, २ ऑक्टोबर

गांधी जयंतीची सुट्टी. गोविंदा आला. सुट्टीच्या दिवशी माणूस आपल्या घरी राहतो. हा सक्करदऱ्याहून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, सायकल हाणत इथवर येतो. कशाला?

सरळ विचारलं, हा प्रोग्राम कोणी बनवला. म्हणाला, काकाजी, मले पुण्याच्या मित्राने देला. त्याला कोणी दिला? त्याच्या मित्राने. त्या मित्राला? गोविंदा हसला. तारा पण हसली. प्रेमिला स्वयंपाकघरात होती, तिथून तिचंही हसू ऐकू आलं. चौकशी सुरू असताना जो हसतो तो काहीतरी दाबून ठेवतो, हा माझा अनुभव.

तो गेल्यावर प्रेमिला म्हणाली, तुम्ही त्या पोराच्या मांगं काहून लागून राहिले? मी म्हटलं, मी पोराच्या मागे नाही, फ्लॉपीच्या मागे आहे. चिवडा तिने त्याला पाहुण्यांच्या प्लेटमध्ये दिला होता. मला वाटीत.

मंगळवार, ३ ऑक्टोबर, सकाळी

प्रयोग. गोविंदाची फ्लॉपी तांदळाच्या डब्यात लपवली. मशीनला तिच्याशिवाय चालायची सवय व्हायला पाहिजे.

दुपारी

तारा बसली तर पडद्यावर ओव्यांच्या जागी नुसत्या दाढ्या-मिशा, आकडे आणि हसरी तोंडं. मी ते कागदावर उतरवून घेतलं, कोणाचा गुप्त निरोप असू शकतो. तारा रडवेली झाली. म्हणाली, बाबा, सिंधूताईंच्या ओव्या आहेत त्या, म्हातारीने दोन दिवस जात्यावर बसून सांगितल्या, आता ती बाईही राहिली नाही. मला कसंसंच झालं. ताराबरोबर तिच्याकडे गेलो होतो तेव्हा सिंधूताई मलाही आवडली होती, माझ्या भिवापूरच्या मावशीसारखी बोलायची.

फ्लॉपी तांदूळ झटकून परत दिली. तात्पुरती.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

भयंकर शोध. तारा दर शनिवारी प्रबंधाची एक कॉपी गोविंदाला नेऊन देते! का, विचारलं, तर म्हणे, एका घरी काही झालं तर दुसऱ्या घरी असावी. हे कोणी शिकवलं? गोविंदाने. अर्थातच. उद्या हाच प्रबंध गोविंदाच्या नावाने युनिव्हर्सिटीत गेला तर?

हुकूम काढला. आजपासून या घरातून एकही फ्लॉपी बाहेर जाणार नाही. ताराने आईकडे पाहिलं. आई वांगी चिरत होती, तिने वांग्यांकडे पाहिलं. दोघींना पटलं असावं, कारण कोणीच वाद घातला नाही.

शनिवार, ७ ऑक्टोबर

फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. तारा कॉलेजला निघाली तेव्हा पर्स उघडायला लावली. रुमाल, पेन, बसची तिकिटं. काही नाही. गळती बंद! एवढ्याशा कडकपणाने केवढा फरक पडतो.

प्रेमिला डबा घेऊन बहिणीकडे, कौसल्याकडे गेली. तीही सक्करदऱ्यालाच राहते. डब्यात करंज्या होत्या म्हणाली. डब्याचं झाकण मी उघडलं नाही, स्वतःच्या बायकोवर संशय घेण्याइतका मी हलका नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर

नत्थूजींचा सल्ला: धान्याला कीड लागू नये म्हणून आपण कडुलिंबाचा पाला ठेवतो, तर इथं काहून नाही? मुद्दा बिनतोड आहे. फ्लॉप्यांच्या डब्यात पाला पसरला.

ताराने पाला काढून कुंडीत टाकला आणि पुन्हा लिहायला बसली. शेवटचं प्रकरण सुरू आहे. पाठ दुखते म्हणते, तरी उठत नाही. मी मागे खुर्ची टाकून पडद्यावर नजर ठेवली. बाबा, तुम्ही श्वास किती मोठ्याने घेता, म्हणाली. बोलूनचालून पोरच ती. तिच्या पाठीशी कोण बसलंय, का बसलंय, हे तिला नंतर कळेल.

सोमवार, ९ ऑक्टोबर

खंडेनवमी. निर्णय अजून नाही. ठेवली तर तेरा तारखेचं भय, काढली तर ओव्यांच्या दाढ्या-मिशा. रात्री झोप नाही.

मग सुचलं. माणसाच्या हातून जे सुटत नाही ते वरच्यावर सोपवावं. उद्या दसरा. उद्या घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. आजवर शिलाई मशीन, स्कूटर आणि विळी एवढ्यांचीच व्हायची. उद्या कॉम्प्युटरचीही होईल, आणि नुसती वरवरची नाही.

मंगळवार, १० ऑक्टोबर, दसरा

सकाळी तारा आणि प्रेमिला आपट्याची पानं आणायला गेल्या तेव्हाच उरकलं. मॉनिटरला झेंडूचा हार. कीबोर्डवर अक्षता. मग एकेक फ्लॉपी घेतली. वरच्या काळ्या कव्हरवर कुंकू लावून काय उपयोग? अंगरख्याला टिळा लावल्यासारखं ते. कव्हरला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली चकचकीत तबकडी दिसते. तिथेच थेट लावलं, हळद-कुंकू पाण्यात भिजवून, बोटाने फिरवत फिरवत. प्रबंधाच्या सगळ्या फ्लॉप्या झाल्या. गोविंदाच्या फ्लॉपीला दुहेरी, आणि मशीनच्या दोन्ही फटींत चिमूट चिमूट. हात जोडले. मन एकदम शांत झालं. म्हणजे निर्णय झाला: ठेवायची, पण अशी बांधून.

संध्याकाळी

गोविंदा आईवडिलांना घेऊन सोनं द्यायला आला! दसऱ्याला सोनं द्यायला कोणीही येतं, मान्य. पण एवढं सहकुटुंब? नवं पातळ, मिठाईचा पुडा, वडिलांच्या डोक्यावर टोपी? माझ्या लगेच ध्यानात आलं. बाहेर आईवडील मला बोलण्यात गुंतवणार आणि हा आत मशीनकडे जाणार.

दाराशीच पानं घेतली, नमस्कार केला आणि सरळ मशीनच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.

प्रेमिला दाराशी आली. म्हणाली, ते लोक काही विचारून राहिले, बाहेर या न. मी म्हटलं, मी इथून हलणार नाही. थोड्या वेळाने पुन्हा आली. म्हणाली, मी हो म्हणून देऊ का? मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते सांग, तू या घरची मालकीण आहेस, मला पहाऱ्यावरून उठवू नको.

बाहेर बराच वेळ हसणं-बोलणं. पेढे आतही आले, दाराच्या फटीतून. गेले तेव्हा कोणीही मशीनला हात लावलेला नव्हता. डाव उधळला.

बुधवार, ११ ऑक्टोबर

लिहायला हात उचलत नाही.

तारा सकाळी बसली. मशीनने फ्लॉपी आत घेतली आणि जात्यावर खडे भरडावेत तसा आवाज आला. दुसरी घातली, तसंच. एकेक करून सगळ्या घातल्या. काही उघडत नाही. पूर्ण प्रबंध, सिंधूताई, सगळं गेलं.

तारा ओरडली नाही. नुसती बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. लहानपणी गोवर निघाला होता तेव्हा अशीच बसायची. मी म्हटलं, व्हायरस दोन दिवस आधीच आला. पेपरवाले तारखा नीट देत नाहीत. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. बोटं अजून लाल होती, दसऱ्याची.

कालच्या पाहुण्यांवर माझा संशय पक्का आहे. पानांच्या जुडीतून काय काय आणता येतं, सांगता येत नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

सीताबर्डीहून ओमप्रकाश मेकॅनिक आला. मशीन उघडलं, कापूस स्पिरिटमध्ये भिजवून आत फिरवला. कापूस लाल निघाला. दुसराही लाल. तिसरा पिवळा. म्हणाला, साहब, इसके अंदर किसकी शादी थी? मी म्हटलं, व्हायरसचा रंग कोणाला ठाऊक आहे? तो गप्प झाला. अडाणी माणसं अशीच गप्प होतात.

प्रेमिलाने चहा ठेवला, पण कपाचा आवाज करून.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

पहाटेपासून जागा. आज जगभर हाहाकार होणार होता. नत्थूजींकडे चारदा जाऊन रेडिओ ऐकला. कुठे काही झाल्याचं त्यांच्या रेडिओवर तरी आलं नाही. फक्त आमच्याच घरी, आणि तेही बुधवारी.

दुपारी गोविंदा आला, सायकलला पिशवी अडकवून. पिशवीत फ्लॉप्यांचा डबा; मशीन साफ झाल्याशिवाय आणायचा नाही, असं त्याला कोणीतरी बजावलं होतं म्हणे. पूर्ण प्रबंध, गेल्या शनिवारपर्यंतचा! वर मराठी अक्षरांच्या प्रोग्रामचीही एक कॉपी. म्हणजे माझा हुकूम मोडला गेला. गळती सुरूच होती. विचारलं, बाहेर गेल्या कशा? प्रेमिला शांतपणे म्हणाली, करंज्यांच्या खाली.

तारा त्या डब्याला पोटाशी धरून रडली. मग हसली. फक्त शेवटच्या प्रकरणातली काही पानं पुन्हा लिहावी लागतील, दिवाळीच्या आत होतील म्हणते. गोविंदा मशीनमध्ये ओमप्रकाशने दिलेला, फ्लॉपी वाचणारा नवा ड्राइव्ह बसवत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, काकाजी, जाऊ द्या, होत असते असं. कोणाकडून होत असते, ते त्याने सांगितलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही. खोलीत जाऊन बसलो. तारा हसत होती तो आवाज तिथवर येत होता, बरं वाटलं.

तरीही गळती ती गळती.

रविवार, १५ ऑक्टोबर

काल कोजागिरी. दूध प्यायलो.

आज मशीन सुरू करून पाहिलं, फक्त प्रकृती कशी आहे बघायला. तर नवीनच प्रकार. पडद्यावर प्रश्न: तारीख? गोविंदाने कुलूप घातलंय! योग्य तारीख टाकल्याशिवाय उघडत नाही. हे कुलूप कोणाविरुद्ध असेल? नत्थूजींविरुद्ध असावं.

माझी जन्मतारीख टाकली. नाही. ताराची. नाही. प्रेमिलाची आठवेना, अंदाजाने टाकली. नाही. पंधरा ऑगस्ट. नाही. घरातल्या मशीनला माझ्याच घरातली तारीख लागते आणि ती मलाच माहीत नाही, हे काही साधं प्रकरण नव्हे.

शेवटी स्वयंपाकघरात गेलो. प्रेमिला कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, साखरपुड्याची टाका. पुढच्या रविवारची.

मी विचारलं, कोणाच्या?

तिने कोथिंबीर खाली ठेवली. म्हणाली, दसऱ्याच्या दिवशी दोनदा दाराशी येऊन विचारलं तुमाले. आता पोरीले विचारा, गोविंदाले विचारा, नाहीतर नत्थूजीले विचारा, त्याईले आमंत्रण गुरुवारीच गेलं.

तिने खाली ठेवलेली कोथिंबीर मीच निवडायला घेतली. मग म्हटलं, ठीक आहे. मीही निर्णय घेतला आहे. गोविंदाची फ्लॉपी ठेवायची. आणि साखरपुड्याला पोराला कुंकू मीच लावणार, मुलीचा बाप म्हणून.

प्रेमिला म्हणाली, नाही. तुम्ही खुर्चीवर बसायचं, हात मांडीवर ठेवून. कुंकू मी लावीन.