संपात अण्णा कुठे होते

नाशिक रोड, ८ डिसेंबर १९८३

शाळेच्या इतिहास स्पर्धेसाठी मी १९७४चा रेल्वेचा संप हा विषय घेतला. माझे वडील अण्णा आणि काका दोघंही तेव्हा रेल्वेत होते, म्हणजे माहिती घरातच मिळणार. आज काकांच्या सायकलच्या दुकानात गेले. संपात नोकरी कशी गेली ते त्यांनी शांतपणे सांगितलं. कामावर कोण कोण गेलं, असं विचारलं तर चाकावरची नजर न काढता म्हणाले, "ते अण्णाला विचार."

ते अण्णाला विचार. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. काका आमच्याकडे का येत नाहीत, हे मी इतकी वर्षं विचारलंच कसं नाही?

जेवताना विचारलं. वाढता वाढता आईचा हात थांबला.

"मी गेलो होतो," अण्णा म्हणाले. "नाव घालून लिही. फक्त तू तेव्हा दवाखान्यात होतीस, ते लिहू नकोस."

मला हे माहीतच नव्हतं. "का नको?"

"अडचण तुझ्या काकालाही होती. तो गेला नाही."

तरी मी दोन्ही लिहिलं. उद्या प्रकल्प द्यायचाय, आणि त्यावर पालकांची सही लागते.