दारातल्या बगळ्याची पाठ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने होडीसुतार आणि लोकांच्या कृपेने शिल्पकार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके शाबूत आहे.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या वहिनीस, म्हणजे कै. दादाच्या पत्नीस द्यावी. रंधा, पटाशा आणि करवती पुतणीस; धार लावायचा तिला कंटाळा नाही. किनाऱ्यावर सापडलेल्या डाव्या पायाच्या चपलांचे पोते गॅलरीवाल्यास. माझ्या लाकडी घुबडाखाली त्याने ‘समुद्राचे मौन’ अशी पाटी लावली होती. मौन कसले, घुबड होते ते.

आता वहिनीच्या दारातला बगळा. वाहून आलेल्या लाकडांचा, मीच करून दिलेला. पुतणीने त्याची पाठ वहिनीसमोर कापावी. आत दादाच्या होडीची फळी आहे, खिळ्यांची भोके गंजलेली. ती मी बसवली होती. तांब्याचे खिळे संपले होते, दुकान सोमवारी उघडणार होते. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते हे ठाऊक असून मी लोखंडी ठोकले, वर लांबीची पुट्टी भरून रंग फासला. दादाने विचारले, “झालं का पक्कं?” मी म्हटले, “डोळे झाकून जा.”

समुद्र शांत असताना होडी बुडाली. दादा पुन्हा पिऊन गेला, असे धक्क्यावर सगळ्यांनी ठरवून टाकले. वहिनी एवढेच म्हणाली, “माझ्यापुढे शपथ घेऊन सोडली होती हो, भाऊजी. मलाही फसवलं.” मी समोर बसून चहा संपवला.

दुसऱ्या दिवसापासून किनारा धुंडाळू लागलो. ती फळी दुसऱ्या सुताराच्या हाती लागली असती, तर त्याला खिळे कळले असते. कोणाला संशय नको म्हणून इतर लाकडे, बाटल्या, दोरखंडही उचलले आणि त्यांचे मासे, घुबडे केली. लोक कौतुक करू लागले. चौथ्या महिन्यात फळी सापडली. जाळायला हात धजेना. बावीस वर्षे वहिनी त्या बगळ्यावरची धूळ पुसते आहे आणि मी मूग गिळून बसलो आहे. मला माझी लाज वाटते.

फळी धक्क्यावर सर्वांना दिसेल अशी ठोकावी. तांब्याच्या खिळ्यांचा डबा कपाटाच्या खालच्या खणात आहे. वहिनीला माझे घर नको वाटले, तर तिच्यावर सक्ती नाही. तिने एवढेच मानावे: मी आज जसा शुद्धीत आहे, तसाच दादा त्या दिवशी शुद्धीत होता.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर
सही: (होडीसुतार)

साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर २. निवृत्त पोस्टमन
दोघांनी सही होताना पाहिली. मजकूर वाचलेला नाही; तो सर्वांआधी वहिनीने वाचावा.