रोज दोन तास बाहेर

दि. ९ जानेवारी, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, आईचे गुडघे आहेत तसेच. तू कशी आहेस हे विचारत नाही. मागच्या तिन्ही पत्रांत तू 'मजेत' एवढंच लिहिलंस, आणि तिसऱ्यातलं अक्षर मला तुझं वाटलं नाही. म्हणून हे पत्र पोस्टाने न पाठवता तुमच्या शेजारच्या शिंपीणबाईंच्या हाती देतो आहे. कापड घ्यायला त्या दर आठवड्याला इकडे येतात. शिवलेल्या कपड्यांच्या घडीत घालून देते म्हणाल्या. वाचून त्यांनाच परत दे. घरात ठेवू नकोस.

काल दाजी आमच्या केनेलवर आले होते. तुला सांगून आले का? मला वाटत नाही.

"काय मेव्हणे," सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं आधी कुत्री जेवतात की तू?"

मी हसलो. हसायला नको होतं.

त्यांना मोठा कुत्रा हवा आहे. पिल्लू नको, तयार. आमच्याकडे सध्या दोनच तयार आहेत, एक जर्मन शेफर्ड आणि एक डॉबरमन. दोन्ही दीड वर्षांचे, दांडगे, कितीही पळवा, दमायचं नाव नाही. गिऱ्हाईक नेहमी विचारतं, बाहेरच्या माणसाला आत येऊ देईल का? दाजींनी ते विचारलंच नाही. ते म्हणाले, "घरातलं कोणी मला न विचारता बाहेर निघालं, तर अडवेल का?"

मालक हसले. "साहेब, कुत्रा हवाय की जेलर?"

"तसं नाही हो. बायको जरा विसराळू आहे. दार उघडं टाकून जाते."

तू आणि विसराळू? माझ्या दप्तरात पेन्सिली किती आणि त्यातली कुठली कुणी चावली, हे तुला पाठ असायचं. दाजी बोलताना जुडग्याशी चाळा करत होते. तुमच्या घराला दारं दोन. जुडग्यात किल्ल्या पाच, तीन नव्याकोऱ्या.

मी वहमी आहे, मान्य. आई म्हणते, याला पाण्यातही पाणी घातलेलं दिसतं. पण दोन वर्षांपूर्वी तू पिशवी घेऊन घरी आलीस, तेव्हा वहम घ्यायला हवा होता आणि मी घेतला नाही. आई म्हणाली, भांड्याला भांडं लागतंच. दुसऱ्या दिवशी मीच तुला बसमध्ये बसवून आलो. ताई, तुझ्या मनगटावरचे वळ मी पाहिले होते. बांगड्यांचे असतील, अशी मीच माझी समजूत घातली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दाजींचा कल शेफर्डकडे होता, आणि त्यांच्या हिशेबाने तो बरोबरच होता. ती मेंढरं राखणारी जात. कळपातून कुणी बाहेर पडलं की वळसा घालून परत आणते. शिकवलं तर फाटकाशी ठाण मांडून बसेल.

मी म्हणालो, "दाजी, शेफर्ड सगळ्या घराचा होतो. डॉबरमन एकाच माणसाचा."

"मग तोच दे. तो माणूस मी."

मी मान डोलावली. खोटं बोललो नाही, फक्त पुढचं बोललो नाही. डॉबरमन विकत घेणाऱ्याचा होत नाही. जो खाऊ घालतो, पळवतो, दिवसभर जवळ असतो, त्याचा होतो. दाजी सकाळी आठला घर सोडतात.

प्रत्येक कुत्र्याबरोबर सूचनांचा कागद जातो. तो मीच लिहितो. नववीत शाळा सुटली असली तरी इथं शुद्ध लिहिणारा मीच. त्यात लिहिलं आहे : 'सकाळी एक तास व संध्याकाळी एक तास बाहेर पळवणे आवश्यक. न पळवल्यास सामान फाडतो.' खाली मालकांची सही आणि शिक्का. यात तसूभरही खोटं नाही. आठवडाभर दाजी हौसेने पळवतील. मग कंटाळा येईल, गादी फाटेल, आणि साखळी तुझ्या हातात येईल. तेव्हा घाई करू नकोस. पंधरा दिवस रोज जा आणि रोज वेळेवर परत ये.

रविवारी तो तुमच्याकडे येईल. पहिल्यांदा डोळ्यांत डोळे घालून बघू नकोस, मूठ हुंगू दे. गडी तसा हळवा आहे.

माझा संशय खोटा असेल तर शिंपीणबाईंकडे कोरा कागद दे. मी मनातल्या मनात दाजींच्या पाया पडेन. खरा असेल तर पंधरा दिवसांनी कागदावर फक्त निघायचा वार लिही. त्या सकाळी तुमच्या रस्त्याच्या टोकाला केनेलची गाडी उभी असेल. आईला काल घरी गेल्यावर सगळं सांगितलं. रात्री बघतो तर माझी खोली झाडून, माझं अंथरूण तिने बाहेर आणून टाकलं होतं.

कुत्र्याला मात्र मागे ठेवू नकोस. साखळी तुझ्या हातात असली की वाटेत तुला अडवायला कुणी पुढे येणार नाही. दाजी स्वतःसुद्धा नाहीत.

आजपासून रोज सकाळी सहा वाजता गाडी सुरू करून बघणारा,
तुझा धाकटा भाऊ