फोटोतले दार उंच आहे

मुलचेरा,
ता. ११ जानेवारी १९८५

प्रिय सत्यशीलाताईस धाकट्या भावाचा जयभीम.

इथे सर्व ठीक आहे. जेवण वेळेवर मिळते. जंगलात वाघ आहे म्हणतात, पण आम्ही जीपमध्येच असतो. आईचा खोकला थांबला का?

नागपूरच्या सरांबरोबर जुन्या बांधकामांचे फोटो काढत फिरतो आहे. इथल्या डाकबंगल्याच्या छपराला एकही खिळा नाही. सागाच्या खांबाला खाच पाडून तुळई अशी बसवली आहे की सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. मी घालून पाहिले. पाहणाऱ्याला खांबाची उंची कळावी म्हणून सर मला शेजारी उभे करतात, पण पाठमोरे.

काल चौकीदाराची बायको बायनाबाई हसली, "साहेब, पोराचं तोंड काऊन लपवता? चोरी करून आला का?"

सर म्हणाले, "तोंड दिसलं की लोक तोंडच पाहतात, बाई. खांब कोण पाहणार?"

वडशाच्या मुलीकडच्या पाहुण्यांनी माझा फोटो मागितला आणि उंचीही विचारली, असे तू लिहिलेस. माझे पन्नासेक फोटो झाले, पण एकातही चेहरा नाही. शेवटी भीतभीत सरांना सांगितले. बायनाबाईने स्वतःचा कंगवा आणून दिला आणि सरांनी बंगल्याच्या दारात माझा समोरून फोटो काढला.

धुऊन आला की पाठवतो. त्यात मी ठेंगणा दिसेन. पाहुण्यांना दाखवताना आधी सांग, दार साहेबलोकांचे आहे, आठ फुटी.

भाऊजींना जयभीम.

तुझा भाऊ,
गुलाब