राखुंडीची गाठ

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा

प्रिय संजू,

सप्रेम जयभीम.

अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे, मांडीवर वही ठेवून लिहितोय. जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलोय. आपल्या राखुंडीला आत्ताच आत नेलं, ऑपरेशनला. तास-दीड तास लागेल म्हणाल्या डॉक्टर. माझ्या एका बाजूला एक भलामोठा कुत्रा आणि त्याच्याहून भलेमोठे त्याचे मालक बसलेत. दुसऱ्या बाजूला माझी ड्युटीची जुनी रेक्झिनची पिशवी आहे, राखुंडी तिच्यातून म्याँव म्याँव करत आली. तू म्हणशील, फोन का नाही केला पप्पा. रविवारी फोनवर तू विचारलंस, राखुंडी कशी आहे, आणि मी म्हणालो, मजेत. तेव्हा ती माझ्या पायाशीच बसली होती, पोटाखाली तिला गाठ होती आणि आजची तारीख ठरलेली होती. माझ्या तोंडावर माझा आता भरवसा राहिला नाही, म्हणून कागद घेतला.

आईची लाकडी फणी तुला आठवत असेल. आई गेल्यावर त्याच फणीने मी राखुंडीला विंचरायला लागलो. दर रविवारी सकाळी गॅलरीत ऊन आलं की ती स्वतःच येऊन पालथी पडते आणि मग उताणी होते, एखाद्या साहेबासारखी. आज सोळा दिवस झाले. त्या रविवारी पोटाकडून फणी फिरवताना मध्येच अडली. मला वाटलं केसांचा गुंता. बोटांनी चाचपलं तर मागच्या पायाजवळच्या आचळाशी, कातडीखाली, हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. दाबलं, सरकलं नाही. राखुंडीने डोळेसुद्धा उघडले नाहीत, घुरघुरत राहिली. तिला खाली ठेवलं, आत गेलो आणि फणी साबणाने धुतली. फणी कशाला धुतली ते मला आजही सांगता येणार नाही. मग खुर्चीवर बसून राहिलो, गॅसवरचा चहा आटून जळला तेव्हा उठलो.

दहा वर्षांची झाली ती. तू बी.एड.ला होतीस तेव्हा एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये जिन्याखाली सापडली होती. तू तिला स्मोकी म्हणायचीस. आईने ते चालू दिलं नाही. वीज केंद्राच्या राखेत जन्म काढलाय, राखेच्या रंगाच्या मांजरीला इंग्रजी नाव कशाला, म्हणाली, आणि राखुंडी ठेवलं. तिचं ते पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घे असं तू तेव्हाच सांगितलं होतंस. आई म्हणाली, मुक्या जिवाची चिरफाड नको. आईला सुरीची फार भीती होती. मला आईहून जास्त होती, पण आई बोलून दाखवायची म्हणून माझी झाकून गेली.

गाठ सापडल्यावर दवाखाना गाठायला मी नऊ दिवस लावले. शेजारच्या भागुबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, "आवो भाऊ, मांजरीला व्हतंच आसं. लय दिस पिल्लं नाय झाली का गुठळी धरती. हळद लावा." मी हळद लावली. राखुंडीने ती चाटून टाकली आणि दोन दिवस पिवळं तोंड घेऊन कॉलनीभर हिंडली. त्या हसल्या, मीही हसलो. पण रोज सकाळी दूध दिलं की माझा हात तिच्या पोटाखाली जायचा. चाचपायचं आणि स्वतःला सांगायचं, तेवढीच आहे. वाढलेली नाही. उद्या बघू. आपण नवस-सायास, आडवं मांजर, लिंबू-मिरची यातलं काही मानलं नाही, तुलाही मानू दिलं नाही. आणि मी मनातल्या मनात हे मानत होतो की नाव घेतलं नाही तर ते येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून गल्लीत रिक्षा थांबली तरी दचकायचो. संजू, मला भीती फक्त गाठीची वाटत नव्हती. हे सगळं मी आधी एकदा केलेलं आहे, याच हाताने, याच शब्दांत, आणि ते मला पाठ आहे, याची जास्त वाटत होती.

दहाव्या दिवशी हाताला हरभरा लागला नाही, वालाचा दाणा लागला. पिशवी काढली, तळाशी तुझ्या आईची जुनी ओढणी घातली आणि राखुंडीला कोंबलं. तिने मनगटावर तीन ओरखडे दिले. रिक्षावाला म्हणाला, "काका, मांजर आडवं गेलं तर आम्ही थांबतो, हे तर मागं बसून चाललंय, आता काय करायचं?" एरवी मी त्याला व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी फक्त लवकर चल म्हणालो. द्वारका चौकात गाड्या तुंबल्या होत्या, पिशवीत ती रडत होती आणि मला वाटत होतं, आता हिच्याबरोबर मीही मोठ्याने रडायला लागणार.

इथल्या डॉक्टर आभा म्हणून आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. राखुंडीला टेबलावर घेतलं, दोन बोटांनी पोट तपासलं आणि विचारलं, केव्हापासून आहे. मी म्हणालो, काल दिसली. अगदी सहज, आपोआप आलं ते तोंडातून. त्यांनी वर पाहिलं नाही. गाठ मोजत मोजतच म्हणाल्या, "काका, ही कालची नाहीये. मला खरं सांगा, मी रागावणार नाही. मला पुढचं ठरवायचंय." मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि सांगितलं, नऊ दिवस. मग त्यांनी सुईने गाठीतला नमुना काढला, छातीचा एक्स-रे घेतला. शांतपणे समजावलं की मांजरींच्या अशा गाठी बहुतेक वाईटच निघतात, पण ही दोन सेंटिमीटरच्या आत आहे, छाती साफ दिसते आहे, त्या बाजूची आचळं काढून टाकली तर तिला बरीच वर्षं मिळू शकतात. आणि म्हणाल्या, लवकर आणलीत. नऊ दिवस म्हणजे काही उशीर नाही काका, लोक वर्षवर्ष आणत नाहीत. त्या धीर द्यायला बोलल्या, पण मी तिथून उठून बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये उभा राहिलो. लवकर हा शब्द मला ऐकवला नाही.

तुझ्या पप्पाने एकतीस वर्षं बॉयलर सेक्शनला नोकरी केली. तासातासाला फेरी मारायची, यंत्राच्या बेअरिंगला पालथा हात लावायचा, जरा गरम लागलं की लॉगबुकात लिहायचं. काय दिसलं, किती वाजता दिसलं. शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला ते वाचून दाखवायचं, चार्ज द्यायचा, त्याची सही घ्यायची आणि मगच गेट गाठायचं. एकदा असंच एक बेअरिंग नेहमीपेक्षा थोडं गरम लागलं, पुढचा माणूस उशिरा आला, मी थांबलो आणि बस निघून गेली. चालत घरी आलो. आई दारात उभी. म्हणाली, तुम्ही सरणावरसुद्धा सही मागाल. तू तेव्हा सातवीत होतीस, कितीतरी दिवस मला चिडवायचीस, पप्पा सही, पप्पा सही. हे पत्रही मी त्या वेळच्या कोऱ्या उरलेल्या वहीतच लिहितोय. बाजूला वेळ लिहायचा रकाना छापलेला आहे बघ.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. आईची गाठ आम्हाला मे महिन्यात कळली आणि पंधरा दिवसांत आम्ही दवाखान्यात गेलो, असं तुला माहीत आहे. ते खरं नाही. ती गाठ आईला ऑक्टोबरात सापडली. विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जायची बॅग आम्ही भरत होतो. ती न्हाणीघरातून आली, दार लावलं आणि माझा हात धरून गाठीवर ठेवला. एवढीच होती गं, हरभऱ्याएवढी. मी म्हणालो, दुधाची जुनी गाठ असेल. तीही म्हणाली, असेल. तुझं लग्न फेब्रुवारीत ठरलेलं. ती म्हणाली, संजूचं होऊन जाऊ द्या, मग दाखवू, तिला कळू द्यायचं नाही, माझी शपथ आहे. पण तू हे तुझ्या लग्नावर घेऊ नकोस. लग्न फेब्रुवारीत झालं, मार्च गेला, एप्रिल गेला, बुद्धपौर्णिमा झाली तरी आम्ही घरातच होतो. मग कसलं लग्न आणि कसली शपथ? मला ती शपथ सोयीची होती. ती अधूनमधून मला हात लावून बघायला सांगायची आणि मी म्हणायचो, तेवढीच आहे. वाढत होती, संजू. बेअरिंगचा दोन डिग्रीचा फरक ओळखणारा हात माझा, मला कळत होतं. सकाळी घरी हे बोलायचो आणि ड्युटीवर जाऊन दिवसभर वेळेसकट खरं खरं लिहायचो. नंतर तू त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दोष देत राहिलीस, एवढ्या लवकर दाखवूनही वाचवता कसं आलं नाही म्हणून. त्यांच्याशी भांडायला निघाली होतीस. तुला अडवलं मी, पण खरं सांगितलं नाही. त्या भल्या माणसाच्या डोक्यावर माझे सात महिने ठेवून दिले.

बारा चाळीस. डॉक्टर आभा बाहेर येऊन सांगून गेल्या. ऑपरेशन झालं, राखुंडी शुद्धीवर येते आहे, जीभ बाहेर काढून पडली आहे पण श्वास नीट आहे. काढलेली गाठ तपासायला पाठवणार, दहा दिवसांनी कळेल. हे दहा दिवस कसे जातील मला माहीत नाही. मला आत जाऊन तिला बघायचं आहे, आणि या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं अजून लिहायचं राहिलं आहे. आधी लिहितो, मग जातो, नाहीतर आत गेलो की हे पुन्हा राहून जाईल.

आईला पहिल्यांदा तपासलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला व्हरांड्यात बोलावलं आणि विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी तेव्हा खरं सांगितलं. आईची आई, तुझी आजी नवसाबाई, पोटाच्या दुखण्याने गेली असं आपण सांगत आलो, ते पोट नव्हतं, तिला छातीलाच झालं होतं. पदराखाली फडकं बांधून तिने दोन वर्षं काढली होती. हे आईला माहीत होतं, मलाही होतं. डॉक्टर म्हणाले, मग तुमच्या मुलीला सांगा. तिने आत्तापासून दर वर्षी तपासून घ्यायचं, आणि हे रक्तातून येतं का त्याची एक तपासणी असते, तीही करून घ्यायची. मी हो म्हणालो. तुझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. वाटलं, नव्या घरात हे कळलं तर काय म्हणतील. आपले जावई संघर्षराव तसे नाहीत, हे मला पुढे कळलं, तरी नाही सांगितलं. आई गेल्यावर वाटलं, आधीच तुझे हाल, त्यात हे नको. मग चिमी झाली, तिला अंगावर पाजतेस म्हणून थांबलो. असं करत पावणेचार वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला दर रविवारी फोन केला, तुझ्या परीक्षांचं, भाजीचं, पाण्याचं विचारलं, आणि मांजरीला मात्र दहाव्या दिवशी दवाखान्यात आणलं. मला खूप भीती वाटते संजू. हे पत्र टपालात टाकेपर्यंत वाटत राहील, टाकल्यावर आणखी वाटेल. तू माझ्यावर चीड, बोलू नकोस माझ्याशी, ते मी सोसेन. पण वाचून झाल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, संघर्षरावांना घेऊन दवाखान्यात जा आणि आजीचं, आईचं, सगळं खरं सांग. केव्हापासून असं विचारलं तर माझ्यासारखं काल म्हणू नकोस. ही नोंद मी चार वर्षं लिहिली नाही आणि चार्ज न देताच गेटबाहेर आलो. आज देतोय. बाजूच्या रकान्यात वेळ लिहिली आहे, त्याच्याखालची जागा कोरी ठेवली आहे. तपासून आलीस की तिथे तारीख घालून सही कर आणि हा कागद मला परत पाठव.

तुझाच,
पप्पा