मुलीच्या फोटोत बादल्या

रोल्ला, शारजा
२ एप्रिल १९९९

आदरणीय दुल्हेभाई खैरुद्दीनसाहेब यांना मुझम्मिलचा सलाम.

आम्ही इथे अल्लाच्या मेहेरबानीने ठीक आहोत. तुमची तब्येत, खतीजाआपाचे गुडघे आणि तिकडचा बर्फ यांची खुशाली कळवावी. सभ्यपणाचा भाग संपला. आता मला रागवायचं आहे.

तुमच्या जहांआरासाठी मी इथे तीन महिने एक स्थळ जमवतोय. दुबईत देऱ्यातल्या हव्वाबी, मूळच्या दापोलीकडच्या. मुलगा हमदुल्ला ड्राफ्ट्समन, निर्व्यसनी. मी तुमच्याकडे फक्त मुलीचा फोटो मागितला होता. असा फोटो स्टुडिओत काढतात : मागे पडदा, बाजूला फुलदाणी, नजर जरा खाली. (तुमचाही तसाच आला होता, म्हणून तर आमच्या अब्बांनी होकार दिला.) तुम्ही काय पाठवलंत? गोठलेल्या तळ्याच्या काठी, गुडघाभर बर्फात, गमबूट घालून, गिरमिटाने झाडाला भोक पाडणारी मुलगी. मागे तुम्ही, माकडटोपीत, झाडांना बादल्या लटकवताना. फोटोमागे एकच ओळ, ‘हिवाळा संपत आला.’ कुठल्या बाजूने?

गेल्या जुम्म्याला हव्वाबी मुलाला घेऊन जेवायला आल्या. पाऊस पडून रस्त्यावर घोटाभर पाणी होतं, त्या चपला हातात घेऊनच जिना चढल्या. (म्हणजे मूड आधीच गेलेला.) पानावर बसल्यावर आमच्या बेगमने, यम्नाने, फोटो दिला. त्यांनी विचारलं, मुलगी मिठागरात कामाला आहे का. मी म्हटलं, ते तळं आहे. त्या म्हणाल्या, मग पाणी कुठे आहे. ते समजावतोय तोवर सगळ्यांचं लक्ष बादल्यांकडे गेलं आणि ‘माडी’ हा शब्द उच्चारला गेला. झाडाला भोक, खाली भांडं, कोकणातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्या धाकटीने ‘नो, इट्स फॉर पॅनकेक्स’ असं दोनदा सांगितलं, पण इंग्रजीत बोललेलं आमच्या घरात कोणी मनावर घेत नाही. हव्वाबींनी पापलेट अर्धं टाकून हात धुतले. माडी काढणाऱ्याची मुलगी सून केली तर गावात तोंड कसं दाखवू, असं त्या जिन्यात म्हणाल्या. तीन मजल्यांना ऐकू गेलं.

तुमचं खुलाशाचं पत्र आलं मंगळवारी. फोटो आणि पत्र एका पाकिटात घालायला कॅनडात मनाई आहे का? आता मला कळलं, की रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं त्या थोड्या दिवसांतच मेपलच्या झाडात गोड पाणी चढतं, आणि त्याच्या चाळीस बादल्या आटवल्या की एक बादली पाक होतो. दुल्हेभाई, चाळिसाची एक? त्या थंडीत? देऱ्यात एसी दुरुस्त करायचात तेव्हा तुम्ही शहाणे होतात.

बुधवारी पत्र घेऊन मी देऱ्याला गेलो. हव्वाबींनी पाणीसुद्धा विचारलं नाही. तुमची चारही पानं मी उभ्यानेच वाचून दाखवली. शेवटी त्या म्हणाल्या, “झाडातून साखर निघते असं लिहिणारा माणूस पिऊनच लिहीत असणार.” हमदुल्लाने फक्त एवढंच विचारलं, की गिरमिट तिने स्वतः चालवलं का. मी हो म्हटलं. त्याने खिशातून फोटो काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला.

तुमच्यापायी माझी इथली सगळी पत गेली. यापुढे मी कोणाचं स्थळ बघणार नाही. खलास.

तुमचा (अजूनही) मेहुणा,
मुझम्मिल

ता.क. काल हमदुल्लाचा ऑफिसात फोन आला होता. आईला तो समजावील, पण तिला तुमच्या हातचं पत्र हवं आहे, की त्या पाण्यात नशा नसते. सरळ मराठीत लिहा आणि लगेच पाठवा. स्टुडिओतला फोटो पाठवू नका, त्याला हाच आवडला आहे.

ता.क. २ यम्ना म्हणते, लिहायचं तर सगळं लिहा. ‘माडी’ हा शब्द हव्वाबींनी नाही, मी काढला. सहज, हसत म्हणालो होतो, “दुल्हेभाई माडी काढायला लागले वाटतं.” हव्वाबींच्या पत्रात याचा उल्लेख नको, आणि हे पत्र खतीजाआपाच्या हाती देऊ नका.