घोंगडीवाल्याची बोटं

३१ ऑक्टोबर १९७९, बुधवार

घोंगडीवाला आज उडालाच नाही! सबंध भाग बँकेत बसून नोटा मोजत होता. उद्धवराव वैतागले. "ह्यो गडी उडतो म्हणून तर मी सगळ्यांस्नी बोलावतो," म्हणाले. मग मीच सांगितलं की आता तो मनातल्या मनात उडतोय, त्याचे डोळे बघा. सगळे गप्प बसून डोळे बघायला लागले. मलाही खरंच दिसायला लागलं.

उद्धवराव आमचे घरमालक. थेरगावातले जुने. जमीन कारखान्यांत गेली, त्या पैशातून त्यांनी मागं पाच खोल्या बांधल्या आणि पुढच्या सोप्यात टीव्ही आणला. बुधवारी संध्याकाळी सात वाजता त्यावर ही इंग्रजी मालिका लागते. गुरुवारी सगळ्या कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे बुधवारी चाळीतलं झाडून सगळं माणूस तिथं. इंग्रजी कुणालाच येत नाही. मी दोनदा बसून का होईना मॅट्रिक झाले, म्हणून टीव्हीशेजारी बसून गोष्ट मी सांगायची. मला तरी काय कळतं? कम, गो, मनी आणि माय गॉड. बाकी सगळं मी 'वीजराज' या चित्रकथेच्या अंकांच्या जिवावर ठोकून देते.

घोंगडीवाला हे नाव कौशल्यामावशींनी ठेवलं — उद्धवरावांच्या बायकोनं. पाठीवर काहीतरी लोंबतंय म्हणजे घोंगडीच. रंग कुठला, यावरून पहिल्या दिवशी भांडण झालं होतं, कारण टीव्ही काळा-पांढरा. मी मोरपिशी सांगितला. आता सगळ्यांना मोरपिशीच दिसतो.

दादा आजही आला नाही. आमची खोली सोप्याला लागून, मधे एकच भिंत. मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून सांगते.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

वीजराजचा नवा अंक आणला, चिंचवड स्टेशनच्या स्टॉलवरून. चित्रकार बदललाय! सगळ्यांच्या हनुवट्या सारख्या. वीजराजची, पोलीस कमिशनरची, वीजराजच्या आईचीसुद्धा. असं कसं चालेल? पण पान आठवर तो डोंगरावरून खाली पडतो आणि पडता पडता शहरातले दिवे एकेक करून लागतात, ते चित्र मात्र फारच छान. मी ते कितीतरी वेळ बघत बसले.

एक कळत नाही. वीजराजला पगार कोण देतं? रोज जग वाचवतो, मग जेवतो कधी? पूर्वी हे सगळं दादाशी बोलायचे. मला वाचायला शाळेत नाही, दादाच्या मांडीवर बसून वीजराजवर आलं. मराठवाड्यातून इकडे आलो तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि अंक जास्त होते, आईनं किती शिव्या दिल्या होत्या.

अंक दादाच्या उशाशी ठेवला. त्यानं बघितलासुद्धा नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

ज्योतीराम आला होता, दादाचा कंपनीतला दोस्त, युनियनचं बघतो. दाराशीच बसला. म्हणाला, "विलासभाऊ, प्रेसवर आता तुला कोणी बसवणार न्हाई. पण स्टोअरला जागा केलीय साहेबांनी. खुर्चीवर बसून काम. एक डिसेंबरला हजर व्हायचं. नाही आलास तर नाव कमी करणार राव, मग माझ्या हातात काही राहत नाही."

दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. उजवा हात चादरीखाली.

ऑगस्टमध्ये पत्रा कापायचा प्रेस हातावर पडला, तीन बोटं गेली. जखम केव्हाच भरलीय. पण तेव्हापासून तो दिवसा घराबाहेर पाऊल टाकत नाही, नळावर नाही, विहारात नाही. आई समोर असेल तर जेवतसुद्धा नाही. आई बिचारी ताट ठेवते आणि बाहेर जाऊन उभी राहते. हे मला बघवत नाही. माझ्या एकटीच्या औषध कंपनीतल्या पगारात भागेल कसंबसं. पण दादाचं काय होणार? असाच पडून राहणार का?

७ नोव्हेंबर, बुधवार

आज मी काय केलं ते इथंच लिहिते, कुणाला सांगायची सोय नाही.

घोंगडीवाला कायम हातमोजे घालतो. बँकेतही, जेवतानाही. का घालतो ते इंग्रजीत सांगितलं असणार, आम्हाला कुठलं कळायला! आज इंदुताईंनी — त्या तिसऱ्या खोलीत राहतात — विचारलं, "याला एवढी थंडी वाजते का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थंडी नाही. त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं नाहीत."

कौशल्यामावशी म्हणाल्या, "आगं बया. कशानं गेली?"

म्हटलं, त्याच्या ग्रहावर मोठं यंत्र होतं. सगळ्या शहराला उजेड पुरवायचं. ते थांबायला लागलं तेव्हा यानं हात घालून चालू ठेवलं. शहर वाचलं, बोटं गेली. लोकांना माहीत नाही. तो दाखवत नाही.

मग पुढं काय काय सांगितलं मला आठवत नाही. माझाच आवाज कुठून तरी लांबून येत होता.

घरी आले. जेवताना दादा आपणहून बोलला. तीन महिन्यांनी! म्हणाला, "मग तो लिहितो कुठल्या हातानं?"

मी म्हटलं, "डाव्या."

"हं," म्हणाला, आणि ताटातलं सगळं संपवलं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. गुरुवारी लाईट नसते म्हणून हातपंपाजवळ सावलीत बसून स्वेटर विणत होते, पण टाके चुकले. सारखी गोष्टच डोक्यात. बोटं परत आली पाहिजेत. एकदम नाही, हळूहळू. आधी एक, मग दुसरं. चांदण्यात वाढतील. वीजराजला जसा त्याच्या गुरूनं डोळा परत दिला होता तशी. डिसेंबर लागायच्या आत पूर्ण हात.

वेडेपणा आहे, मला काय कळत नाही? पण आमच्या पट्ट्यावर औषधाच्या बाटल्या एकामागून एक येत असतात ना, तेव्हा हात आपोआप चालतात आणि मी कंपनीच्या पत्र्यावरून वर जाते. खाली पवना नदी, तिच्या कडेला उसाच्या शेतांचे तुकडे, आणि सगळ्या चिमण्यांचा धूर माझ्या पायाला लागतो. वर कुणाचं काहीच तुटलेलं नसतं. तिथून मला दादाचा हातही अख्खा दिसतो.

काल सुपरवायझरबाई ओरडल्या. सहा बाटल्यांना झाकणंच नव्हती.



१४ नोव्हेंबर, बुधवार

एक बोट आलं! हातमोज्याच्या आत. घोंगडीवाला खिडकीशी उभा राहून मूठ वळतो असं खरंच दाखवलं, मला आयतंच सापडलं. सोप्यातल्या बायकांनी हात जोडले. उद्धवराव म्हणाले, "त्येच्या ग्रहावरचं औषध आपल्याकडं मिळालं पाहिजे." सगळ्यांच्या माना आमच्या भिंतीकडे वळल्या आणि पटकन परत फिरल्या.

घरी दादा वीजराज वाचत होता. डाव्या हातानं पान उलटत होता. मला बघून म्हणाला, "हनुवट्या काय काढल्यात गाढवानं!"

मी मोरीत जाऊन रडले.

१८ नोव्हेंबर, रविवार

आईला आज दादानं जेवताना समोर बसू दिलं.

२१ नोव्हेंबर, बुधवार

सगळं संपलं.

आज घोंगडीवाला एका बाईबरोबर मेजवानीला गेला. मोठा हॉल, मेणबत्त्या. मी सांगत होते की दुसरं बोट येताना फार ठणका मारतो. आणि त्यानं खुशाल हातमोजे काढले. दोन्ही. टेबलावर ठेवले आणि पियानो वाजवायला बसला. हात एवढे मोठे, सबंध पडदाभर! दहाची दहा बोटं नाचतायत.

कौशल्यामावशी ओरडल्या, "आगं नीले, ह्येला तर समदी बोटं हायेत की!"

मी म्हटलं, "रबराची आहेत."

"रबराच्या बोटानं पेटी वाजती व्हय?"

हशा पिकला. उद्धवराव खोकेपर्यंत हसले. इंदुताईंनी तर माझ्या पाठीवर थाप मारली, "थापाडे!" वाईट मनानं कुणी हसलं नाही. पण भिंत एक विटेची आहे.

घरी गेले. दादा बसला होता. म्हणाला, "माझ्यासाठी त्याची बोटं तोडलीस होय?"

मी दार लोटून घेतलं.

"आणि परत उगवायलाही लावलीस. माझी कुठून उगवायची, ते पण सांग की."

परत भिंतीकडे तोंड करून झोपला. आई माझ्याकडे बघत राहिली, तिला काहीच कळलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

बोलत नाही. मी चहा ठेवला, घेतला नाही. आईनं ठेवला, घेतला.

२५ नोव्हेंबर, रविवार

मला राग आलाय. होय, आलाय! मी काय वाईट केलं? वीजराजचे लेखक दर आठवड्याला खोटंच सांगतात आणि दादा लहानपणापासून ते प्रेमानं वाचतो. मी खोटं सांगितलं तर लगेच गुन्हा.

पण ते खोटं दुसऱ्याचं असतं, म्हणून गोड लागत असेल. मी त्याचाच हात उचलून चारचौघांत नेला. त्याला न विचारता. हे माझ्या आज लक्षात आलं, कपडे पिळताना. फार वाईट वाटलं.

ज्योतीराम परत येऊन गेला. दादानं झोपेचं सोंग घेतलं. जाताना ज्योतीराम आईला म्हणाला, "सोजरबाई, शनिवारी सकाळी साडेसहाला मी कोपऱ्यावर थांबतो. आला तर आला." स्वतःच्या सायकलकडे बघत बोलत होता.

या आठवड्यात मी वीजराजही वाचला नाही. पहिल्यांदाच.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या ओव्हरटाइम. मोठा माल बाहेरगावी जायचाय, कुणाला सुटका नाही. बरंच झालं. कोणत्या तोंडानं जाऊ त्या सोप्यात? उद्या घोंगडीवाला बोलेल इंग्रजीत आणि सगळे नुसतेच बघत बसतील. की टीव्हीच बंद करतील?

२८ नोव्हेंबर, बुधवार



ओव्हरटाइम सुटला, बस मिळाली, उतरले तेव्हा मालिका अर्धी झाली असणार. वाटलं, मागच्या दारानं खोलीत जावं. पण सोप्यात कुणीतरी बोलत होतं. उद्धवराव नव्हेत. मी चपलांच्या ढिगात उभी राहून आत डोकावले.

माझ्या जागेवर दादा बसला होता.

दाढी केलेली. स्वच्छ शर्ट. उजवा हात गुडघ्यावर, उघडा. आणि सांगत होता — "...आता हा बावळट तिजोरीच्या आत शिरलाय. हे दार आतून उघडत नाही, त्यात मधला खटकाच नाही दाखवलेला. ज्यानं हे बनवलंय त्यानं मशीन कधी बघितलेलं नाही."

कौशल्यामावशींना गोष्टीपेक्षा हात दिसत होता. त्या विचारूनच मोकळ्या झाल्या, "इलास, नीली म्हनत हुती ते तुजंच व्हय रं?"

टीव्हीवर कुणीतरी पळत होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"माझंच," दादा म्हणाला. "ह्याला दहाच्या दहा आहेत. माझी गेलीत. ही बघा." आणि हात वर केला. पुढं काढला, सगळ्यांना नीट दिसेल असा. बायकांनी पदर तोंडाला लावले. "शहर-बिहर काही वाचलं नाही त्यात. स्टोव्हचे पत्रे कापत होतो."

"दुखतंय?"

"थंडीत ठणकतं."

"लावायला एरंडाचं पान दिती सकाळी. फुडं सांग. त्यो तिजोरीतनं भाईर कसा येतोय?"

आणि दादा पुढं सांगायला लागला! उगवलेलं बोट नाही, चांदणं नाही, काही नाही. माझ्यापेक्षा कितीतरी साधं सांगत होता आणि लोक माझ्या वेळेपेक्षा शांत बसले होते. एकदा वर बघितलं तेव्हा त्याला मी दिसले असेन. पण बोलणं थांबवलं नाही.

मला आनंद झाला, फार झाला. आणि थोडासा मत्सरही वाटला. माझी जागा गेली ना! खोटं कशाला लिहू?

घरी येऊन म्हणाला, "तुझं मोरपिशी मात्र राहू दिलं मी."

३० नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या जाणार की नाही, दादानं काही सांगितलं नाही. आईनं सकाळच्या डब्यासाठी रात्रीच कणीक मळून ठेवलीय. नवा अंक आणला, दोघांनी मिळून वाचला. वीजराज आता समुद्राखाली राहायला गेलाय, तिथं वीज कशी चालते यावर दादानं माझं डोकं खाल्लं.

१ डिसेंबर, शनिवार

गेला. ज्योतीरामच्या सायकलवर मागं बसून गेला.

संध्याकाळी आला तेव्हा मी दारातच होते. विचारलं, "कसं आहे स्टोअर?" चांगलं आहे म्हणाला. चहा दोनदा मिळतो. खुर्च्याही बऱ्या आहेत. मग हातपाय धुता धुता म्हणाला, "आम्ही पाच जण आहोत तिथं. पाचही प्रेसवरून आलेले. कुणाचा डावा, कुणाचा उजवा."